पावसात बदललेली वेळ: कॉन्फिग फाइल कशी लिहावी, कशी सांभाळावी

विलेपार्ल्यातल्या एका पोळीभाजी केंद्रासाठी मी डब्यांच्या ऑर्डरी नोंदवणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. सकाळी साडेदहाला ऑर्डरी बंद, बाराच्या आत डबे रवाना. ती साडेदहाची वेळ मी सरळ कोडमध्येच लिहून टाकली होती. जुलैतल्या एका सकाळी केंद्र चालवणाऱ्या काकूंचा फोन आला. "अगं, पाऊस बघितलास का? अंधेरी सबवेत पाणी भरलंय, पोरं डबे घेऊन जाणार कशी? आज साडेनऊलाच बंद कर बाई ऑर्डरी." मी कुर्ला आणि शीवच्या मधे थांबलेल्या लोकलमध्ये उभी होते. लॅपटॉप पाठीवरच्या बॅगेत होता आणि तो काढायलाही जागा नव्हती. साडेदहापर्यंत ऑर्डरी येत राहिल्या आणि काकूंनी मग एकेका गिऱ्हाइकाला फोन करून माफी मागितली.

एक वेळ बदलायला प्रोग्रॅमर लागला, हीच त्या दिवसाची चूक. कॉन्फिग फाइल ही फक्त सेटिंग ठेवायची जागा नाही. तुम्ही हजर नसताना, घाईच्या वेळी, दुसरं कोणीतरी ती उघडणार असतं. पुढचं सगळं त्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. उदाहरणं पायथन आणि यामल (सेटिंग लिहायचा एक फॉरमॅट) यांची आहेत, पण गो, जावा किंवा नोडमध्ये काम करणाऱ्यांनाही हेच लागू पडतं.

आधी कोड चाळा: बाहेर काय काढायचं?

कोड उघडा आणि त्यात थेट लिहिलेला प्रत्येक आकडा, पत्ता आणि मजकूर कागदावर उतरवा. माझ्या प्रोग्रॅममध्ये असे सतरा निघाले. त्यांचे तीन ढीग करा.

पहिल्या ढिगात मशीन बदललं की बदलणाऱ्या गोष्टी: डेटाबेसचा पत्ता, पोर्ट, लॉग कुठे लिहायचा तो फोल्डर. दुसऱ्या ढिगात धंद्याप्रमाणे बदलणाऱ्या: ऑर्डर बंद व्हायची वेळ, डब्याचा दर, कुठल्या पिन कोडवर डबा जातो (आमच्याकडे ४०००५६, ४०००५७ आणि ४०००६९). तिसऱ्यात गुपितं: डेटाबेसचा पासवर्ड, एसएमएस पाठवणाऱ्या सेवेची की (पासवर्डसारखा गुप्त मजकूर). हे तीन ढीग तीन वेगळ्या माणसांच्या हाताखाली येतात, म्हणून त्यांना एकाच फाइलमध्ये कोंबू नका.

दादरला उभं राहून येणारी गाडी बघा. तोच रेक सकाळी विरार स्लो म्हणून धावतो आणि पुढच्या फेरीला चर्चगेट फास्ट होतो. रेक तोच, फक्त समोरचा इंडिकेटर बदलतो. तुमचा प्रोग्रॅमही असाच हवा. लॅपटॉपवर, टेस्टिंगला आणि प्रॉडक्शनवर, म्हणजे प्रत्यक्ष वापराच्या सर्व्हरवर, एकच बिल्ड (चालवायला तयार प्रोग्रॅम), बदलेल ते बाहेरून. हेरोकू या क्लाउड कंपनीतल्या मंडळींनी २०११ च्या सुमारास मांडलेल्या 'ट्वेल्व्ह फॅक्टर' नियमावलीत यासाठी एक सोपी कसोटी आहे: तुमचा सगळा कोड या क्षणी जगासमोर खुला केला, तर एखादं गुपित उघडं पडेल का? पडणार असेल, तर ढीग नीट झालेले नाहीत.

उलट्या बाजूचा अतिरेकही टाळा. डब्यांची संख्या शून्यापेक्षा कमी नसावी, हा नियम आहे, सेटिंग नव्हे. तो कोडमध्येच राहू द्या. कोणी कधीही बदलणार नाही अशी सेटिंग म्हणजे टेस्ट करायची एक जास्तीची वाट.

फॉरमॅट निवडताना

जेसन सगळीकडे चालतं, पण त्यात कॉमेंट लिहिता येत नाही आणि शेवटच्या ओळीनंतर एक स्वल्पविराम राहिला तरी फाइल वाचली जात नाही. यंत्राने यंत्रासाठी लिहायला उत्तम, काकूंच्या मुलाने हातानं बदलायला नाही. आयएनआय साधं आहे, पण त्यात प्रत्येक व्हॅल्यू शेवटी मजकूरच असते आणि याद्या लिहायची सर्वमान्य पद्धत नाही. टॉमल मला मनापासून आवडतं. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी ते २०१३ मध्ये आणलं, २०२१ च्या जानेवारीत त्याची १.० आवृत्ती आली, आणि पायथन ३.११ पासून ते वाचायची सोय पायथनमध्येच आहे, लिहायची मात्र नाही. नवा प्रोजेक्ट असेल तर टॉमल घ्या. एक अडचण तेवढी लक्षात असू द्या: टॉमलमध्ये मराठी की, म्हणजे सेटिंगचं नाव, लिहायची तर ती अवतरणचिन्हांत घालावी लागते.

मी यामल घेतलं, कारण मला की मराठीत हव्या होत्या आणि फाइल यादीसारखी दिसायला हवी होती. ती अशी दिसते:

# ऑर्डर बंद व्हायची वेळ. २४ तासांच्या घड्याळात.
# दोन्ही बाजूंची अवतरणचिन्हं काढू नका.
ऑर्डर_बंद: "१०:३०"

# एका डब्याचा दर, पैशांत. ९० रुपये म्हणजे ९०००.
डबा_दर_पैसे: ९०००

# एसएमएस सेवेकडून उत्तर आलं नाही तर किती थांबायचं.
एसएमएस_थांबा_सेकंद: ५

पिन_कोड:
  - "४०००५६"
  - "४०००५७"
  - "४०००६९"

नावातच एकक आहे, हे बघा. नुसतं 'थांबा: ५' लिहिलं तर पाच सेकंद की पाच मिलिसेकंद, हे सहा महिन्यांनी तुम्हालाही सांगता येणार नाही. दर पैशांत आहे, म्हणजे दशांशाचा घोळ नाही. कॉमेंट 'काय आहे' यापेक्षा 'काय करू नका' हे जास्त सांगते.

वाचायला बरं म्हणून आकडे इथे देवनागरीत दिले आहेत. खऱ्या फाइलमध्ये इंग्रजी आकडेच लिहा. पायथनच्या इंट फंक्शनला देवनागरी १० दिलं तर ते बिनतक्रार दहा समजतं, पण यामल वाचणारी पायथनची लायब्ररी पाययामल मात्र देवनागरी आकड्यांना साधा मजकूर मानतं.

यामलचे सापळे

त्या पावसानंतर मी वेळ फाइलमध्ये काढली आणि ती कशी बदलायची हे काकूंच्या मुलाला दाखवलं. पुढच्या मुसळधार सकाळी त्याने स्वतः ०९:३० लिहिलं. ऑर्डरी साडेनऊला बंद झाल्या आणि सगळे खूश. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, त्याने परत १०:३० केलं, आणि प्रोग्रॅम सुरूच होईना.

लिहिताना त्याच्याकडून अवतरणचिन्हं गळली होती, दोन्ही दिवशी. पण आदल्या दिवशी चाललं आणि दुसऱ्या दिवशी नाही, हे कोडं सुटायला मला तास लागला. यामलच्या १.१ आवृत्तीत साठ पाया धरून संख्या लिहायची सोय आहे. बिनअवतरणाचं १०:३० म्हणजे तिच्या लेखी दहा गुणिले साठ अधिक तीस, म्हणजे ६३०. ०९:३० मात्र शून्याने सुरू होतं, आणि अशी संख्या शून्याने सुरू होऊ शकत नाही, म्हणून ते मजकूर म्हणून जसंच्या तसं राहिलं. माझा कोड मजकुराची वाट बघत होता आणि त्याच्या हाती ६३० आलं. २००९ च्या यामल १.२ मध्ये ही सोय काढून टाकली, पण पायथनची सर्रास वापरली जाणारी पाययामल लायब्ररी आजही १.१ चे नियम पाळते.

त्याच कुळातले आणखी सापळे आहेत. मुंबईचा एसटीडी कोड ०२२ अवतरणाशिवाय लिहा, पाययामल त्याला आठ पाया असलेली संख्या समजेल आणि पावतीवर १८ छापलं जाईल. आवृत्ती १.१० लिहा, हाती १.१ येईल. नॉर्वेचा देशकोड लिहायला एन आणि ओ ही दोन अक्षरं टाका, त्याचं 'असत्य' होतं, कारण 'नो' हा शब्दही तिथे नकार मानला जातो. एकच की चुकून दोनदा लिहिली गेली तर पाययामल काही बोलत नाही, शेवटची व्हॅल्यू घेऊन पुढे जातं. इंडेंटेशनला टॅब चालत नाही, स्पेसच लागते. त्यामुळे एडिटरमध्ये टॅबचं रूपांतर स्पेसमध्ये करणारं सेटिंग आधीच चालू करून ठेवा.

माझा नियम सरळ आहे: ज्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही, ते अवतरणात. वेळ, पिन कोड, फोन नंबर, आवृत्ती, देशकोड, सगळं. आणि फाइल वाचताना कायम सेफ लोड वापरा. पाययामलचे असुरक्षित लोडर फाइलमधून पायथनच्या वस्तू तयार करू शकतात, आणि मग परक्याने दिलेली फाइल तुमच्या मशीनवर हवं ते चालवू शकते.

मराठी की वापरणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. 'भाकऱ्या' या शब्दातलं अर्धं र दोन प्रकारे टाइप होतं: एकदा 'ऱ' या स्वतंत्र अक्षरावरून, एकदा साध्या 'र' ला हलंत देऊन पुढे न दिसणारा जोडचिन्हाचा कॅरेक्टर घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण कॉम्प्युटरसाठी ते दोन वेगळे शब्द आहेत. युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकच अक्षर लिहायच्या वेगवेगळ्या पद्धती एक करायची सोय, हीही त्यांना एक करत नाही. माझ्या फाइलमध्ये 'भाकऱ्या_दर' होतं, कोडमध्येही 'भाकऱ्या_दर' होतं, आणि प्रोग्रॅम म्हणायचा अशी की नाही. शेवटी मी की बदलून 'भाकरी_दर' केली. पुऱ्यांचंही तसंच. कीमध्ये अर्धा र टाळा, व्हॅल्यूत काय हवं ते लिहा. फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे असं कोडमध्ये स्पष्ट सांगा. विंडोजवर ते सांगितलं नाही तर केंद्राच्या नावाची अक्षरं विस्कटतात.

गुपितं वेगळी ठेवा

पासवर्ड आणि की यामलमध्ये ठेवू नका. ती फाइल गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) जाते आणि व्हॉट्सअॅपवरही पाठवली जाते. गुपितं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये द्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीममार्फत प्रोग्रॅमला बाहेरून मिळणाऱ्या व्हॅल्यूंमध्ये. लॅपटॉपवर रोज टाइप करणं शक्य नसतं, त्यासाठी डॉट एन्व्ह नावाची फाइल ठेवा आणि पहिल्या कमिटच्या (गिटमधल्या नोंदीच्या) आधी तिचं नाव गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीत, घाला. आधी कमिट आणि मग इग्नोर, असं केलं तर उपयोग नाही. गिट एकदा नोंदलेल्या फाइलवर लक्ष ठेवतच राहतं. ती नोंद वेगळी काढावी लागते आणि तरीही जुन्या इतिहासात ती फाइल शिल्लक असते.

म्हणून सेवेची की चुकून रिपोत (गिटने सांभाळलेल्या कोडच्या साठ्यात) गेली, तर पहिलं काम इतिहास पुसण्याचं नाही. पहिलं काम म्हणजे सेवेच्या पॅनेलवर जाऊन ती की रद्द करणं आणि नवी घेणं. रिपो खाजगी असली तरीही. इतिहासाची साफसफाई त्यानंतर सावकाश करा.

डॉट एन्व्हसोबत एक नमुना फाइल ठेवा. तिच्यात सगळ्या कींची नावं असतात, व्हॅल्यूंच्या जागा रिकाम्या. ही मात्र गिटमध्ये जाऊ द्या. नव्या माणसाला काय काय लागतं ते तिच्यावरून कळतं. सर्व्हरवर खऱ्या फाइलची परवानगी ६०० करा, म्हणजे मालकाशिवाय इतर साध्या वापरकर्त्यांना ती वाचता येणार नाही.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ही काही तिजोरी नाही. प्रोग्रॅमने सुरू केलेल्या प्रत्येक उपप्रक्रियेला ती मिळतात, आणि एरर आली की सगळं एन्व्हायर्नमेंट लॉगमध्ये ओतणारी साधनं बरीच आहेत. छोट्या कामाला एवढं पुरतं. टीम मोठी झाली की गुपितं सांभाळणारी स्वतंत्र सेवा घ्या.

शिवाय तिथून येणारी प्रत्येक व्हॅल्यू मजकूर असते. एसएमएस बंद ठेवायचे म्हणून व्हेरिएबलमध्ये 'फॉल्स' लिहिलंत आणि पायथनमध्ये नुसतं बूल (सत्य-असत्यात रूपांतर) केलंत, तर उत्तर 'सत्य' येतं, कारण मजकूर रिकामा नाही. शब्द वाचून स्वतः तुलना करा.

कोणाचा शब्द शेवटचा?

एकच सेटिंग अनेक ठिकाणाहून येऊ शकते, तेव्हा क्रम ठरलेला हवा. रूढ क्रम असा: कोडमधला डिफॉल्ट सगळ्यात कमजोर, त्यावर फाइल, त्यावर एन्व्हायर्नमेंट, आणि सगळ्यांवर कमांड लाइनवर दिलेलं. हा क्रम रीडमीमध्ये एका ओळीत लिहा. सुरू होताना प्रोग्रॅमने प्रत्येक व्हॅल्यू कुठून आली हे लॉगमध्ये लिहावं, गुपितांच्या जागी फुल्या.

डिफॉल्ट देताना हात आखडता घ्या. मी डेटाबेसच्या पत्त्याला डिफॉल्ट दिला होता, आणि तो खऱ्या डेटाबेसचा होता. एका रात्री घरी लॅपटॉपवर टेस्टिंग करत होते. व्हेरिएबल सेट करायचं राहिलं आणि प्रोग्रॅमने निमूटपणे तो डिफॉल्ट उचलला. चाळीस डब्यांच्या खोट्या नोंदी सकाळच्या यादीत गेल्या. पहाटे साडेपाचला बायका कणीक मळायला बसल्या त्या ती यादी बघूनच. त्या दिवसापासून डेटाबेसचा पत्ता, की आणि पैशांशी संबंधित कुठल्याही सेटिंगला माझ्या कोडमध्ये डिफॉल्ट नसतो. व्हॅल्यू नाही तर प्रोग्रॅम सुरू होत नाही.

टाइम झोनही नेहमी स्पष्ट लिहा: एशिया/कोलकाता. क्लाउडवरची मशीन बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतात, आणि आपण साडेपाच तास पुढे आहोत. सकाळी सातला मेनूचा एसएमएस जावा म्हणून क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या साधनात) नुसतं सात लिहिलं, तर तो साडेबाराला पोचतो, जेवणं सुरू झाल्यावर.

दारातच तपासा

सगळ्या लेखातून एकच भाग करायला वेळ असेल तर हा करा. प्रोग्रॅम सुरू होताच संपूर्ण कॉन्फिग वाचा, तपासा, आणि चूक असेल तर तिथेच थांबा. दर वाचायची वेळ पहिली ऑर्डर आल्यावर येत असेल, तर चूकही तेव्हाच कळेल आणि तोवर गिऱ्हाईक खोळंबलेलं असेल.

तपासायचं ते असं. व्हॅल्यूचा प्रकार बरोबर आहे का. मर्यादेत आहे का: दर शून्यापेक्षा जास्त, वेळ सकाळी सहा ते बाराच्या मधली. पिन कोड सहा अंकी आहे का. एकमेकांशी जुळतं का: ऑर्डर बंद व्हायची वेळ डबे निघायच्या वेळेच्या आधीची हवी. आणि अनोळखी की आली तर नकार द्या. हे शेवटचं बरेच जण सोडून देतात. 'ऑर्डर_बंद' ऐवजी कोणी 'ऑडर_बंद' लिहिलं आणि त्या सेटिंगला डिफॉल्ट असेल, तर प्रोग्रॅम चुकीची की दुर्लक्षून डिफॉल्ट घेतो आणि माणसाला वाटतं बदल झाला. पायथनमध्ये पायडँटिक हे काम छान करतं. लायब्ररी नको असेल तर तीस-चाळीस ओळींत हातानेही होतं.

पहिल्या चुकीवर थांबू नका, सगळ्या चुका गोळा करून एकदम दाखवा. आणि संदेश असा लिहा की वाचणाऱ्याला पुढे काय करायचं ते कळेल. 'इनव्हॅलिड टाइप' हे काकूंच्या मुलाला काय सांगणार? माझा संदेश आता असा आहे:

ऑर्डर_बंद: इथे ६३० हा आकडा आला. वेळ अवतरणचिन्हांत लिहा, उदा. "१०:३०".

यालाच जोडून प्रोग्रॅमला 'तपासा' असा एक पर्याय द्या: फाइल वाचायची, चुका सांगायच्या, बाकी काही न करता बाहेर पडायचं. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये डॅश टी देऊन हेच होतं. हा पर्याय टेस्टमध्येही चालवा, म्हणजे बिघडलेली फाइल रिपोत शिरणारच नाही.

चालू प्रोग्रॅममध्ये बदल करताना

कॉन्फिगमधला बदल हा कोडइतकाच खरा बदल आहे. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर ब्रोकर कंपनीने सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलर गमावले. नवा कोड आठपैकी सात सर्व्हरवर गेला, आठव्यावर जुनाच राहिला, आणि नव्या कामासाठी जो फ्लॅग (एखादी सोय चालू-बंद करणारी खूण) वापरला होता त्याने त्या आठव्यावर वर्षानुवर्षं पडून राहिलेला जुना कोड जागा केला. जुन्या फ्लॅगचं नाव पुन्हा वापरू नका, आणि संपलेला फ्लॅग त्याच्या कोडसकट काढून टाका.

रोजचा बदल असा करा. फाइलची तारीख घातलेली प्रत काढा. बदल दुसऱ्या नावाच्या फाइलमध्ये करा, 'तपासा' चालवा, आणि पास झालं तरच तिचं नाव बदलून मूळ जागी आणा. लिनक्सवर एकाच फाइल सिस्टीमवर नाव बदलणं एका झटक्यात होतं, त्यामुळे प्रोग्रॅमला अर्धवट लिहिलेली फाइल कधी दिसत नाही. मग प्रोग्रॅम पुन्हा सुरू करा. चालू असतानाच फाइल वाचायची सोय आकर्षक वाटते, पण छोट्या प्रोग्रॅमला दोन सेकंदांचा रिस्टार्ट पुरतो. अर्ध्या व्हॅल्यू जुन्या आणि अर्ध्या नव्या, हा घोळही होत नाही.

केंद्रावर हे सगळं एका बटणामागे आहे. मुलगा वेळ बदलतो, बटण दाबतो. चूक असेल तर मराठीत ओळ येते आणि जुनी वेळच चालू राहते.

शेवटची चाचणी रिकाम्या मशीनवर घ्या. रिपो नव्याने उतरवा, नमुना फाइलची प्रत करा, जागा भरा, चालवा, आणि कोणालाही काही विचारू नका. मी हे केलं तेव्हा चार ठिकाणी अडले. त्या चार जागांवर आता नमुना फाइलमध्ये चार कॉमेंट आहेत. यंदा जूनमध्ये काकूंच्या मुलाच्या जागी त्याची बहीण बसायला लागली. पहिल्या पावसाळी सकाळी तिने साडेनऊची वेळ केली, दुसऱ्या दिवशी परत साडेदहाची केली, आणि मला फोन आला नाही.